शेतात शिवराई सापडली. आता मेटल डिटेक्टर घ्यावा का?

तासगाव तालुक्यातल्या एका शेतकरी मित्रांचा प्रश्न आहे. जुनी द्राक्षबाग काढून त्यांनी रान खोल नांगरलं. त्यात तांब्याची दोन जाड नाणी, एक पितळी घुंगरू आणि पुष्कळ खापरं निघाली. एका नाण्यावर 'राजा' एवढं वाचता येतं. आता मेटल डिटेक्टर घेऊन सगळं रान तपासावं असं त्यांच्या मनात आहे. कोणतं यंत्र घ्यावं, ते किती खोल बघतं, सापडलेलं आपलं होतं का, विकता येतं का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय भावकीतले एक आजोबा म्हणतात की बांधावरच्या लिंबाखाली हंडा आहे.

मी सातारा जिल्ह्यातला. यंत्र बरीच वर्षं वापरतोय. बहुतेक वेळा ते उसात पडलेलं मंगळसूत्र, भांगलताना हरवलेली अंगठी किंवा ट्रॅक्टरची पिन शोधून द्यायला लागतं. अधूनमधून जुन्या वस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींबरोबर, जमीनमालकाच्या परवानगीने शिवारं फिरतो. त्या अनुभवावरून सांगतो: यंत्र लगेच घेऊ नका. तुमच्या हातात आत्ताच जे आलंय ते नीट समजून घ्या आणि ते लेखी कळवा. यंत्राचा नंबर त्यानंतर.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती खापरं. नाणं कुठल्याही रानात सापडू शकतं. पूर्वी गावातला उकिरडा वर्षातून एकदा गाड्या भरभरून रानात जायचा, आणि घरात सांडलेला पैसा, तुटलेलं जोडवं, मुलाच्या कमरेची साखळी, सगळं शेणाबरोबर वावरात पसरायचं. धाब्याच्या घरांवर पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती टाकत, घर पडलं की तीच माती शेतात ओढत. त्या मातीतूनही नाणी आली. बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेवर कुणाची तरी कनवट सुटली, तेही नाणं आज कुणाच्या तरी सरीत आहे. अशी एकटी नाणी म्हणजे खजिन्याची खूण नव्हे.

पण नाणी, घुंगरू आणि भरपूर खापरं एकाच पट्ट्यात निघाली असतील तर गोष्ट वेगळी. सकाळचं ऊन तिरपं असताना त्या पट्ट्यात उभे राहा. आजूबाजूची माती काळी आणि तेवढाच तुकडा राखाडी, भुसभुशीत, पाऊल टाकलं की धूळ उडणारा दिसतोय का? चुन्याचे खडे, भाजलेल्या विटांचे तुकडे, जात्याच्या तळीचा फुटका दगड, बांगड्यांच्या काचा दिसतात का? दिसत असतील तर तुमचं रान जुन्या पांढरीवर आहे, म्हणजे तिथे कधीकाळी वस्ती होती. आपल्या भागात अशी उठलेली गावं पुष्कळ आहेत. काही लढायांत उठली, काही पटकीत, काही १८७६-७८ च्या दुष्काळात. महसुली दप्तरात 'बेचिराग' म्हणून नोंदलेली गावं असतात. तलाठ्याकडचा जुना गावनकाशा आणि तुमचा गट नंबर ताडून बघा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्या तुकड्याला काय म्हणतात. 'पांढर', 'जुनं गावठाण', 'पेठेचं रान' अशी नावं पिढ्यान्पिढ्या टिकतात आणि ती उगाच पडलेली नसतात.

नाण्याबद्दल. 'राजा' वाचता येतंय आणि नाणं जाड तांब्याचं आहे, म्हणजे बहुधा शिवराई. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', कडेने ठिपक्यांची माळ. पूर्ण मजकूर मिळणं कठीण, कारण ठसा मोठा असायचा आणि तांब्याचा गोळा लहान, त्यामुळे अक्षरं काठावर कापली जातात. 'शिव'चं लिखाणही एकसारखं नाही. 'सिव', 'सीव', 'शीव' असं सगळं सापडतं. शिवराई म्हटली की लोकांना वाटतं ती महाराजांच्या हयातीतलीच. तसं नाही. राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं पुढे छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडलं जात राहिलं आणि इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालत होतं. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधे दोन आडव्या रेघा असल्या तर ती दुदांडी शिवराई, उत्तरकाळातली. सोनाराच्या काट्यावर वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. ओळख पटवायला एवढं पुरतं. त्याच रानात यापुढे कंपनी सरकारचे १८३५ चे पाव आणे, राणीच्या छापाचे ढबू पैसे किंवा १९४३ पासूनचे भोकाचे पैसेही निघतील. तेही ठेवा. ती जमीन कोणत्या काळापर्यंत वर्दळीची होती हे त्यांच्यावरूनच कळतं.

आता कायदा, कारण यात लोक फार अडकतात. 'आमच्या रानात सापडलं म्हणजे आमचं' हे खरं नाही. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निखात निधी, आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. हे केलं नाही तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीनमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

कळवल्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, नोटिशीनंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देऊन दावेदारांना बोलावतात. कुणाचाच मूळ मालकीचा दावा टिकला नाही आणि निधी बेवारस ठरला, तर त्याची वाटणी सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात होते. आधी काही करार झाला असेल तर करारानुसार, नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. हे वाक्य पुन्हा वाचा. मोठा वाटा सापडणाऱ्याचा आहे. तुमच्या रानात ट्रॅक्टर भाड्याचा असेल आणि नाणं चालकाच्या नजरेला पडलं असेल, तर कायद्याने सापडणारा तो आहे. खुरपणाऱ्या बाईला सापडलं तर ती. सरकारला वस्तू संग्रहालयासाठी हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते ती घेऊ शकतं.

एखादं सुटं नाणं 'दडवलेलं' का 'हरवलेलं', यावर वकिली वाद घालता येईल. तो घालत बसू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, फोटो जोडा, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक तलाठ्याला. गावच्या पोलीस पाटलांनाही सांगून ठेवा. उद्या गावात 'यांना हंडा सापडला' अशी आवई उठली तर हीच पोच तुमच्या कामाला येईल. आवई उठतेच.

विक्रीचं म्हणाल तर शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीतून निघालेलं नाणं न कळवता विकणं हा तर वरच्या १८७८ च्या कायद्याचाच भंग. आणि खरं सांगायचं तर साध्या शिवराईला मोठी किंमत येत नाही, कारण ती फार मोठ्या संख्येने पाडली गेली आहे. मोबाइलवर 'जुनं नाणं विका, लाखो मिळवा' अशा जाहिराती येतात, त्यात आधी नोंदणी फी मागतात. २०२१ साली रिझर्व्ह बँकेनेही आपलं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं. तांदूळ ओढून घेणारं 'राइस पुलर' नाणं हाही त्यातलाच प्रकार. आपल्याकडे सुशिक्षित माणसांनीही त्यात जमिनी विकून पैसे घातले आहेत.

यंत्र कुठे चालवायचं नाही तेही इथेच सांगतो. कुठल्याही गडावर, गडाच्या माचीवर, लेण्यांजवळ, जुन्या देवळाच्या आवारात, वीरगळांच्या आसपास यंत्र घेऊन जाऊ नका. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. आपले बरेच गड वनखात्याच्या जमिनीवर आहेत, तिथे वनकायदाही लागतो. गायरान आणि मोकळं गावठाण सरकारी, देवस्थान इनामाची जमीन देवाची. राहिलं ते तुमचं स्वतःचं सातबाऱ्यावरचं रान. त्यावरही भावकीची नावं असतील तर सगळ्यांना सांगून, आणि रान वाट्याने दिलं असेल तर वाटेकऱ्याला विचारून.

एवढं सगळं करून यंत्र घ्यायचंच असेल, तर ते काय करतं हे आधी समजून घ्या. तबकडीत दोन वेटोळी असतात. एक जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. त्यामुळे खालच्या धातूत छोटे विद्युतप्रवाह फिरतात, त्यांचं क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं. परत येणारी लहर किती मागे पडली यावरून यंत्र लोखंड, तांबं, चांदी असा अंदाज करतं. लहान नाण्याला 'आहे' म्हणायला यंत्राला ते जवळच लागतं. शिवराईएवढं नाणं हलक्या मातीत वीतभर खोल असेल तर चांगलं यंत्र ते सांगतं. आपल्या काळ्या रानात बऱ्याचदा वीतभरही नाही.

कारण आपली सगळी माती काळ्या पाषाणाची, बसॉल्टची, आणि त्यात मॅग्नेटाइट भरपूर. माती स्वतःच यंत्राला उत्तर देते. इंग्लंडमधल्या शेतात यंत्र फिरवून कोपरभर खालची नाणी काढणारे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ती माती वेगळी. त्या खोलीची अपेक्षा माणदेशातल्या नाहीतर कृष्णाकाठच्या मातीकडून करू नका. म्हणून यंत्र घेताना एकच गोष्ट अडून मागा: ग्राउंड बॅलन्स हाताने करता यायला हवा. स्वच्छ जागा बघून तबकडी जमिनीपासून वरखाली करायची आणि मातीचा आवाज मावळेपर्यंत जुळवायचं. रान बदललं, मातीचा रंग बदलला, की परत जुळवायचं. एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी यंत्रं आपल्याकडे सरस ठरतात. गॅरेट, माइनलॅब, नोक्टा या जाणत्या कंपन्या आहेत. संवेदनशीलता पूर्ण वाढवून ठेवायचा मोह होतो, पण आपल्या मातीत ती थोडी कमी ठेवली की यंत्र शांत होतं आणि जास्त सांगतं.

पांढरीच्या जागी आणखी एक अडचण. भाजलेली वीट, खापर, चुलीची जळकी माती हीसुद्धा चुंबकीय असते. लोहाराच्या भट्टीचा कीट, म्हणजे लोखंडाची मळी, तर यंत्राला वेडं करतो. म्हणजे जिथे सापडण्याची शक्यता जास्त, तिथेच गोंधळ जास्त.

तुमच्याकडे सांगली जिल्ह्यात क्षारपड रानांचं वेगळंच. पाणी जास्त झालेली, पांढरे क्षार फुटलेली जमीन ओली असताना वीज वाहून नेते, आणि समुद्रकाठच्या वाळूसारखे खोटे आवाज देते. अशा रानात उन्हाळ्यात, वरचा थर पूर्ण सुकल्यावरच फिरायचं.

आणि तुमचं रान जुन्या द्राक्षबागेचं. मांडवाच्या तारांचे तुकडे, अँगलचे काप, खिळे, ठिबकच्या जोडणीतल्या पट्ट्या, औषधांच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची सीलं, गुटख्याच्या पुड्या. दर पावलाला यंत्र ओरडेल. मोठी तबकडी इथे उपयोगाची नाही, लहान तबकडी लावा. हेडफोन घालाच. आवाजातला फरक काट्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त खरा असतो. नाण्याचा आवाज उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, दोन्ही वेळा सारखाच गोल येतो. त्याच जागेवर काटकोनात वळून पुन्हा फिरवलं तरी तोच. वाकड्या खिळ्याचा आवाज एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूने तुटतो. फसवतात ती चपटी मोठी लोखंडं, बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री, कुळवाच्या फाशीचा तुकडा. ती चांदीसारखी वाजतात. जवळ शेतपंपाची लाइन असेल तर थ्री फेज चालू असताना यंत्र कुरकुरतं. लाइट नसलेल्या पाळीत काम करा.

नांगरटीच्या ढेकळांवर यंत्र चालत नाही, तबकडी जमिनीला समांतर आणि अगदी लगत हवी. रान कुळवून फळी मारून घ्या. वाफसा असताना माती खुरप्याला ऐकते. दोरी लावून पट्टे पाडा आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवा. घाई केली की जागा सुटतात. जे निघेल ते सगळं उचला. तार, सील, खिळा, सगळं पिशवीत. पिशवीभर लोखंड रानाबाहेर गेलं की बैलाच्या खुराला आणि ट्रॅक्टरच्या टायरला तेवढाच आराम.

मुख्य नियम आता. नांगराच्या तासाखाली जायचं नाही. बैलाचा नांगर साधारण वीतभर माती हलवतो, ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूटभर किंवा जास्त. तेवढ्या थरातली माती आधीच उलथीपालथी झालेली असते, तिथून नाणं उचललं तर फार काही बिघडत नाही. त्याखालची माती अजून जशी होती तशी आहे. कोणतं खापर कोणत्या नाण्याबरोबर आहे, वर राखेचा थर आहे का, खाली शेणाने सारवलेली जमीन आहे का, हे सगळं तिथे शाबूत असतं. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी थर उलगडत खोदलं, म्हणून तिथल्या सातवाहनकालीन शहराचा, विटांच्या घरांचा आणि दूरदेशीच्या व्यापाराचा पत्ता लागला. तिथल्या वस्तू कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत, तुम्हाला जवळच आहे, बघून या. खड्डा करून नुसती नाणी उपसली असती तर त्या नाण्यांचं वजन कळलं असतं, शहर कळलं नसतं. म्हणून यंत्र खोलवरचा आवाज देत असेल तर जागा टिपून ठेवा आणि माती परत लोटा.

टिपायचं कसं, ते खटाव तालुक्यातल्या एका उदाहरणाने सांगतो. मुरमाड माळाचं रान होतं, वळीव पडून गेलेला, मालक सोबत. बांधापासून काही हातांवर गोल आवाज आला. खुरप्याने तीन बाजूंनी माती कापून चौकोनी ढेकूळ उलटलं, बाजूला बारदान पसरून माती त्यावर घेतली. नाणं ढेकळात उभं रुतलं होतं, फक्त हिरवी कड दिसत होती. बोटाने नाही, पाण्याच्या बाटलीचं बूच किलकिलं करून त्यावर बारीक धार सोडली. चिखल ओघळला आणि 'छत्र' उमटलं, शेवटचा 'त्र' काठावर कापलेला. तिथेच कागदी पाकिटावर गट नंबर, बांधापासून अंतर, किती बोटं खोल, मातीचा रंग, तारीख लिहिली आणि मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश. मग पुढचं. दिवसभरात जी थोडी नाणी, बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा तुकडा आणि पत्र्या निघाल्या त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या रानभर पसरलेल्या नव्हत्या. एका तिरक्या रेषेत होत्या, आजच्या बांधाशी काहीच न जुळणाऱ्या. मालकांच्या वडिलांनी बसल्या जागेवरून हात करून दाखवला: बाजाराची गाडीवाट इथूनच ओढ्याच्या उताराला जायची, रस्ता झाल्यावर मोडली. ती वाट आता कागदावर आहे. एकेक नाणं डब्यात टाकलं असतं तर डबा भरला असता, वाट गेली असती.

गडांच्या पायथ्याच्या खासगी रानांत जुन्या बंदुकांच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, बोराएवढ्या, पांढरट थर चढलेल्या. त्याही तशाच नोंदवा. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, शिसं विषारी असतं. गोळ्या कुठे दाट आहेत यावरून लढाईतला मोर्चा कुठे होता हे कळू शकतं. १७०० साली औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला, त्याआधी महिनोन्‌महिने वेढा पडला होता. १६७९ साली मोगल सरदार दिलेरखानाने तुमच्याच जिल्ह्यातला भूपाळगड घेतला. अशा जागांच्या आसपासची प्रत्येक गोळी बोलकी आहे.

घरी आल्यावर नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, अॅसिड, काही नाही. तांब्यावरचा घट्ट हिरवा थर त्याचं रक्षण करतो, आणि अक्षरांचे काठ त्याच थरात असतात. चकचकीत केलेली शिवराई म्हणजे अर्धी पुसलेली शिवराई. शुद्ध पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशने सुटलेली माती तेवढी काढा, सावलीत पूर्ण वाळवा. फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर तो नाण्याचा रोग आहे, क्षारांमुळे होतो, ओलाव्यात वाढतो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरडं ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, कागदी पाकीट उत्तम.

आता लिंबाखालचा हंडा. आजोबांना नावं ठेवू नका, अशा आठवणींत कधीकधी तथ्य असतं. लोक खरोखर पुरत होते, बँका नव्हत्या. पण पुरलेलं बहुतेक वेळा पुरणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी काढूनही घेतलेलं असतं. यंत्राने तपासलं तर हंड्याएवढी मोठी वस्तू नाण्यापेक्षा खोल कळते, तरी पुरुषभर खाली काही कळत नाही. 'एकवीस फुटांवरचं सोनं दाखवतो' म्हणून हातात अँटेनाच्या दोन कांड्या घेऊन फिरणारे येतात, ते ठक आहेत. त्यांच्या मागोमाग पूजा, कोंबडं, पायाळू (पायाकडून जन्मलेला) माणूस सुचवणारे येतात. त्यांना वेशीतूनच परत पाठवा. गुप्तधनाच्या नावाखाली आपल्या राज्यात माणसं आणि लहान मुलंसुद्धा मारली गेली आहेत. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार त्यात गुन्हा आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. असा प्रकार कानावर आला तर थेट पोलीस ठाण्यात सांगा.

आणि खरंच भांड्याचा काठ दिसला, तर हात मागे घ्या. १९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्स्न गावात एरिक लॉज नावाचा माणूस शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन गेला होता. नाणी आणि चांदीचे चमचे निघायला लागल्यावर तो थांबला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा जशीच्या तशी उचलली. जवळपास पंधरा हजार रोमन नाणी, आणि ती लाकडी पेटीत कशी रचून ठेवली होती हेसुद्धा कळलं. तो हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात १९०६ साली जोगळटेंभीला शक राजा क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं याचा इतका सरळ पुरावा मिळाला, कारण साठा फुटला नाही. तो वीस घरांत वाटला गेला असता तर वितळून गेला असता. तेव्हा भांडं दिसलं तर ते हलवू नका, रिकामं करू नका, फोटो काढा, वर माती आणि बारदान टाका, घरचं माणूस तिथे बसवा आणि त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना लेखी कळवा.

शेवटी एक विनंती. बाग काढलीय म्हणजे नवी लावणार असाल, आणि त्यासाठी जेसीबीने चर मारायचे असतील. ते चर नांगरापेक्षा कितीतरी खोल जातात, आणि खापरांच्या पट्ट्यात एकदा चर पडले की खालचं सगळं गेलं. बाकी रानात चर मारा, तेवढा पट्टा या हंगामापुरता सोडा. पट्ट्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून, खापरांचे फोटो काढून ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अर्जासोबतच राज्याच्या पुरातत्त्व विभागाला आणि पुरातत्त्वाचा अभ्यास चालतो त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पाठवा. खापरांत काळी-तांबडी, चकाकी असलेली काही असतील तर त्यांचे फोटो वेगळे काढा, कडा दिसतील असे. कुणी बघायला येणार असेल तर वाफसा असतानाचा दिवस द्या, आणि जेसीबीवाल्याला तोपर्यंतची तारीख देऊ नका.